घड्याळ स्टुडिओवाल्याचं होतं

दादीच्या ट्रंकेत एक फोटो आहे. ईदच्या दिवशी एस. टी. स्टँडसमोरच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि कारंजं. अब्बा सात-आठ वर्षांचे, अंगात नवी शेरवानी, मनगटावर मोठ्या माणसाचं घड्याळ. ते घड्याळ स्टुडिओवाल्याचं होतं, हे अब्बांनी खूप वर्षांनी हसत हसत सांगितलं. शेजारी एक तरुण बाई उभी आहे. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकचं फूल. ती कोण, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

सेदू केइता यांचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हा फोटो आठवला. केइता पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे, राजधानी बामाकोचे. तेव्हा हा मुलूख ‘फ्रेंच सुदान’ म्हणून ओळखला जाई. वस्ती बहुतेक मुसलमानांची. केइता मूळचे सुतारकाम शिकलेले, शाळेत न गेलेले. 1935मध्ये सेनेगलहून परतलेल्या चुलत्यांनी त्यांना एक साधा कोडॅक ब्राउनी कॅमेरा आणून दिला आणि पोरगं त्यातच रमलं. 1948मध्ये त्यांनी बामाको-कुरा भागात, तुरुंगाच्या मागच्या बाजूला स्टुडिओ थाटला.

त्याआधी या लोकांचे फोटो निघत नव्हते असं नाही. डाकारचा फ्रेंच छायाचित्रकार एदमों फोर्तिए याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेच्या हजारो पोस्टकार्डांचा धंदा केला. त्यावर माणसं आहेत, पण बहुतेकांना नाव नाही. अमुक जमातीची स्त्री, तमुक जमातीचा पुरुष, एवढंच. आपल्याकडेही इंग्रज सरकारने 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. त्यात आपले पूर्वज जातीजमातीचे नमुने म्हणून उभे आहेत. कुठं उभं राहायचं, कुठं बघायचं, हे कॅमेऱ्यामागच्या साहेबानं ठरवलेलं. समोरच्याला काय वाटतं हा प्रश्नच नव्हता.

केइतांच्या अंगणात हा प्रश्न पहिला होता. भिंतीवर नमुन्याचे फोटो लावलेले असत. गिऱ्हाईक त्यातून पसंत करी, मला असं बसायचंय, मला तसं. घालायला हवा तर सूट, टाय. शिवाय घड्याळ, फाउंटन पेन, रेडिओ, प्लास्टिकची फुलं, स्कूटर. पुढे तर त्यांची स्वतःची प्युजो 203 गाडीसुद्धा. एका फोटोत काही बायका या गाडीपाशी आहेत आणि गाडीच्या चकचकीत पत्र्यात खुद्द केइतांचं प्रतिबिंब पडलंय. मला तो फोटो फार आवडतो. सगळी हौस दुसऱ्यांची पुरवता पुरवता हा माणूस गुपचूप स्वतःही फोटोत शिरला!

उजेड सूर्याचा. मागचा पडदा म्हणजे सुरुवातीला त्यांच्या स्वतःच्या पलंगावरची झालरीची चादर. दर दोन-तीन वर्षांनी पडदा बदलत गेला, फुलांचा, पानांचा, वेलबुट्टीचा, शेवटी साधा करडा. म्हाताऱ्या वयात कोणता फोटो कोणत्या सालचा, हे ते पडद्यावरून सांगत. बहुतेक वेळा एकदाच बटण दाबायचं, कारण प्लेट महाग. म्हणून त्याआधीचा वेळ मोलाचा. खांदा थोडा वळव, हनुवटी अशी धर. बायकांची लांबसडक बोटं तिथं सौंदर्याचं लक्षण मानली जात, ती दिसलीच पाहिजेत. काही फोटोंत बाईच्या झग्यावरची नक्षी आणि मागच्या पडद्यावरची नक्षी एकमेकींत इतकी मिसळते, की फक्त चेहरा आणि हात तेवढे वर येतात.

यावर टीकाही होते. उसना सूट आणि उसना रेडिओ घेऊन मिरवणं ही गोऱ्या साहेबाची नक्कल नाही का? मला हे पटत नाही. पांढऱ्या सुटातला, चष्मा लावलेला, हातात एकच फूल धरलेला तो प्रसिद्ध तरुण बघा. तो साहेब होऊ पाहत नाहीये. ‘मी असा आहे, आणि मला कसं बघायचं ते मी सांगणार’, असं तो म्हणतोय. पोस्टकार्डवरच्या त्याच्या आजोबाला हे म्हणायची सोय नव्हती.

आता आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. तसवीर जायज आहे का? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चित्रांच्या बाजूने मत दिलं होतं. पुढे त्याच गादीवर आलेले मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी मांडलं, की कॅमेरा नवं काही घडवत नाही, अल्लाहने घडवलेल्याची सावली तेवढी धरून ठेवतो. हिंदुस्तानातल्या कित्येक उलेमांना हे मान्य नव्हतं. दादीने यातलं काहीच वाचलेलं नव्हतं. नमाजच्या खोलीत ती फोटो टांगू देत नसे. पण ट्रंकेतले फोटो मलमलीच्या कापडात गुंडाळून ठेवलेले. हजला जाताना पासपोर्टसाठी स्वतःचाही काढावा लागला, तेव्हा ती चिडली होती. नंतर मात्र तोच फोटो मला दाखवत म्हणाली, ‘अच्छी आई ना रे मैं?’

1960मध्ये माली स्वतंत्र झाला. 1962मध्ये नव्या सरकारने केइतांना सरकारी छायाचित्रकार केलं, स्टुडिओ बंद पडला आणि 1977मध्ये ते निवृत्त झाले. हजारो निगेटिव्ह पेट्यांत पडून राहिल्या. 1991मध्ये न्यूयॉर्कला आफ्रिकी कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात त्यांचे काही फोटो होते. खाली लिहिलेलं, छायाचित्रकार अज्ञात, बामाको. ते बघून आंद्रे मान्यां हा फ्रेंच जाणकार बामाकोला आला. तिथले दुसरे मोठे छायाचित्रकार मालिक सिदिबे यांनी फोटो बघताच ओळखले आणि त्याला केइतांच्या दारी नेलं, असं सांगितलं जातं. 1994मध्ये पॅरिसला फोंदासियों कार्तिएमध्ये केइतांचं प्रदर्शन झालं. घरात ठेवायचा वहीच्या पानाहून लहान फोटो आता भिंतीएवढा झाला होता. 2001मध्ये, पॅरिसमध्येच, ते गेले.

केइतांना नाव परत मिळालं. पण त्या प्रदर्शनांतल्या फोटोंखाली आजही बहुधा ‘शीर्षक नाही’ एवढंच असतं. फुलवाला तरुण कोण, बाळाला कवेत घेतलेला तो धिप्पाड बाप कोण? बामाकोतल्या कुठल्यातरी घरात ते माहीत असेल. गॅलरीने विचारलं नाही, आणि आपण पाहणाऱ्यांनीही नाही. एवढ्या ऐटीनं स्वतःची ओळख सांगायला बसलेली माणसं पुन्हा निनावी झाली, हे मला फार खुपतं.

गेल्या ईदला मी ट्रंक उघडून बसलो. अब्बा आता नाहीत. अम्मीला सगळे ओळखता येत नाहीत, म्हणून फुफीला बोलावलं. तिचं वय ऐंशीच्या पुढे. एकेक फोटो ती खिडकीपाशी नेऊन बघायची, नाव सांगायची आणि मी मागे पेन्सिलीने लिहायचो. प्लास्टिकच्या फुलाचा फोटो तिनं बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, ‘फूल तो स्टुडिओवाले का था. साडी मेरी थी, मैंने दी थी इसे.’ नाव मात्र तिला आठवेना. मागे मी तेवढंच लिहून ठेवलं, साडी फुफीची.