खंदकी आगगाडीचें इंजिन : नांव आणि पुरावा

कागदाच्या पाठीवर मागाहून कोणीं तरी लिहिलेलें नांव प्रमाण धरूं नये, कागदाचें अंतरंग तपासून मगच त्याचा काल व कर्ता ठरवावा, हा नियम जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस नवा नाहीं. तोच नियम लोखंडी वस्तूंसही लागू पडतो, हें दाखविण्यासाठीं आम्ही येथें एक उदाहरण घेत आहों. पहिल्या महायुद्धांत (इ. स. १९१४-१८) फ्रान्स व बेल्जम येथील आघाडीमागें ६० सेंटिमीटर रुंदीचे हलके लोहमार्ग टाकलेले होते. त्यांस ‘खंदकी रेल्वे’ व त्यांवरील वाफेच्या इंजिनांस ‘खंदकी इंजिनें’ म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें हें नांव अर्धेंच खरें आहे. आणि उरलेल्या अर्ध्या भागानें इतिहासाचा एक महत्त्वाचा अंश झांकून टाकला आहे.

प्रथम मार्गाविषयीं. पॅरिसजवळ पेती-बूर येथें पोल देकोव्हील यानें इ. स. १८७५ च्या सुमारास, बीटाचें पीक शेतांतून काढण्यासाठीं, रूळ व स्लीपर एकत्र जोडलेल्या तयार चौकटी प्रचारांत आणल्या. फ्रेंच तोफखान्यांतील कॅप्टन प्रॉस्पेर पेशो यानें ही कल्पना किल्ल्यांच्या तोफांसाठीं वाढविली, आणि इ. स. १८८८ मध्यें फ्रेंच सैन्यानें ती स्वीकारली. ५ मीटर लांबीची त्याची चौकट सुमारें १६७ किलो वजनाची असे. चार माणसांनीं ती उचलावी व जमिनीवर मांडीत जावें, अशी योजना होती. म्हणजे ज्या मार्गानें माणसाच्या खांद्यावरील ओझें उतरावयाचें, तो मार्ग प्रथम माणसाच्याच खांद्यावरून पुढें जात असे.

आतां इंजिनांविषयीं. पेशो व बुर्दों यांचें फ्रेंच इंजिन मध्यें चालकाची जागा व दोन्ही अंगांस धुराडें असें दुतोंडी होतें. युद्धकाळांत अमेरिकेंतील बाल्डविन कारखान्यानें फ्रेंचांस अशीं २८० इंजिनें करून दिलीं. जर्मनांचें ‘ब्रिगाडलोक’ हें आठ जोडचाकांचें इंजिन अनेक कारखान्यांत मिळून अडीच हजारांवर निघालें. त्याच्या पहिल्या व शेवटच्या आंसांस क्लीन-लिंडनर पद्धतीची पोकळ रचना असल्यामुळें तें तीव्र वळणावर सुलभतेनें वळे. इंग्रजांनीं मात्र आरंभीं सारा भार मोटार-लॉऱ्या व घोड्यांवर टाकला होता. इ. स. १९१६ च्या सोम नदीवरील संग्रामांत रस्ते चिखलांत गेले, दारूगोळा वेळेवर पोहोंचेना; तेव्हां सर एरिक गेडीस यांजकडे वाहतुकीची सूत्रें देण्यांत आलीं व हलक्या लोहमार्गांचें जाळें झपाट्यानें विणलें गेलें. हन्स्लेट कारखान्याचीं इंजिनें पुरेनात, म्हणून बाल्डविनकडून ४९५ इंजिनें मागविण्यांत आलीं.

या बाल्डविन इंजिनाचें अंतरंग तपासूं. वजन सुमारें साडेचौदा टन. पुढें चारचाकी बोगी, मागें सहा जोडचाकें. दोन्ही बगलांस पाण्याच्या टाक्या. ओढ्यांतून किंवा तोफगोळ्यानें पडलेल्या खळग्यांतून पाणी वर ओढून घेण्याची नळीही त्यास जोडलेली असे. या नळीवरून इंजिन उद्ध्वस्त मुलखांत हिंडत होतें, हें निश्चित होतें. परंतु त्याच इंजिनाचें धुराडें व भट्टी दुसरीच साक्ष देतात. दिवसां धूर व वाफ आकाशांत चढे, रात्रीं भट्टीचें दार उघडतांच उजेड पडे; आणि शत्रूच्या तोफांस यापेक्षां चांगली खूण नको होती. म्हणून वाफेचें इंजिन सामान्यतः आघाडीच्या मागें कित्येक मैलांवर थांबे. तेथून पुढें २० व ४० अश्वशक्तीचीं ‘सिम्प्लेक्स’ पेट्रोल इंजिनें डबे ओढीत. त्यांपैकीं ४० अश्वशक्तीच्या कांहींस पोलादी चिलखतही होतें. त्याच्याही पुढें खेचरें, हातानें ढकलावयाच्या गाड्या, आणि अखेरीस माणसाची पाठ.

इंग्रजी सैन्याच्या परिभाषेंतही हा भेद स्पष्ट होता. मागच्या, इंजिनांनीं चालणाऱ्या मार्गांस ‘लाइट रेल्वे’ म्हणत. खंदकांजवळच्या, माणसांच्या व खेचरांच्या बळावर चालणाऱ्या मार्गांस ‘ट्रेंच ट्रामवे’ म्हणत. पुढें हीं दोन्ही नांवें एकांत मिसळलीं, आणि खंदकाचा मान वाफेच्या इंजिनास मिळाला. इंजिन लोखंडाचें, म्हणून उरलें. शेवटचा मैल ज्यांनीं तुडविला त्यांची कांहीं खूण उरली नाहीं. नांवाची चूक येथें केवळ शब्दाची राहत नाहीं. ती एकाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरीं घालते.

या कालनिर्णयाचा उपयोग हस्तलिखितांच्या परीक्षेसही होतो. हिंदी पायदळाच्या दोन तुकड्या इ. स. १९१४ च्या शरदांत फ्रान्समध्यें उतरल्या; त्यांत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्याही होत्या, व २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेल येथें त्या लढल्या. इ. स. १९१५ च्या अखेरीस या तुकड्या तेथून हलविण्यांत आल्या. म्हणजे इंग्रजांचीं हीं इंजिनें येण्यापूर्वींच त्या निघून गेल्या. तेव्हां या तुकड्यांतील एखाद्या शिपायाच्या म्हणून दाखविलेल्या आठवणींत इंग्रजी बाल्डविन इंजिनाचें वर्णन आढळलें, तर तो मजकूर मागाहून घातलेला आहे असा संशय घेणें रास्त ठरेल.

युद्ध संपल्यावर हीं इंजिनें विक्रीस निघालीं व बाल्डविनपैकीं कित्येक हिंदुस्थानांत आलीं. संयुक्त प्रांतांत मुझफ्फरनगरनजीक खतौली येथील साखर कारखान्यांत त्यांनीं ऊंस ओढला. त्यांतील युद्धखात्याचा क्रमांक ७७८ असलेलें, इ. स. १९१७ चें इंजिन पुढें इंग्लंडांत परत नेण्यांत आलें व लेटन बझर्ड येथील मार्गावर पुन्हां चालूं लागलें. योगायोग असा कीं, लेटन बझर्डचा मार्गही इ. स. १९१९ मध्यें युद्धांतून उरलेल्या सामानानेंच बांधलेला होता; आणि तेथें प्रथम आणलेलीं वाफेचीं दोन इंजिनें लवकरच काढून पेट्रोल इंजिनें लावावीं लागलीं होतीं.

येथें एका भ्रमाविषयीं सावध करणें अवश्य वाटतें. नेरळ-माथेरान मार्ग दोन फूट रुंदीचा, म्हणजे युद्धांतील मार्गाशीं जवळजवळ समान. त्यावरील जुनीं वाफेचीं इंजिनें जर्मनींतील ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याचीं. आणि त्यांसही क्लीन-लिंडनर आंस. एवढ्यावरून तीं युद्धांतून आलीं असें कोणी अनुमान करील, तर तें चुकेल. अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांचा तो मार्ग इ. स. १९०७ मध्यें सुरू झाला आणि इंजिनें इ. स. १९०५ व १९०७ चीं आहेत. ब्रिगाडलोकशीं त्यांचें नातें भाऊबंदकीचें आहे, वंशाचें नाहीं. एकाच वळणाचें अक्षर दिसलें म्हणून दोन कागद एकाच कारकुनाचे ठरत नाहींत, तसेंच हें आहे.

मग इंजिनाची ओळख कशी पटवावी? कारखान्याची पाटी ही पुष्पिकेसारखी. तिजवर कर्ता, क्रमांक व वर्ष मिळतें. पण पाटी चार खिळ्यांनीं लाविलेली असते व ती दुसरीकडे नेतां येते. दुरुस्तीच्या वेळीं एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्यावर चढतो, जसें एका पोथीचें पान दुसरींत बांधलें जावें. म्हणून चाकांस जोडणाऱ्या दांड्यांवर व इतर भागांवर ठोकलेले आंकडे स्वतंत्रपणें उतरून घेऊन ते परस्परांशीं ताडून पाहावेत, आणि ते जुळले तरच पाटीवर विश्वास ठेवावा.

कागदास वाळवी लागते, लोखंडास भंगारवाला. कारखान्यांच्या आवारांत गवतांत पडलेलें जुनें इंजिन विकलें गेलें कीं त्यावरील सर्व आंकडे एका दिवसांत वितळून जातात, व त्यांची नक्कल कोठेंही राहत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांस असें इंजिन, त्याची सुटी पाटी किंवा खरेदीचा कागद आढळेल, त्यांनीं आंकड्यांचे ठसे घेऊन ठेवावेत. आणि ‘खंदकी’ हें विशेषण जोडण्यापूर्वीं तें इंजिन खंदकापासून किती मैलांवर थांबत होतें, हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा, इतकीच आमची विनंती आहे.