अडीच गुंठ्यांतील कोंबडी

इंग्लंडच्या इतिहासांतील राजे, पार्लमेंट व आरमार आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचीं आहेत. परंतु तेथील मजुराच्या कोबीच्या वाफ्यालाहि इतिहास आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं. भाजीपाल्यासाठीं अल्प खंडानें जो जमिनीचा तुकडा तेथें मिळतो, त्यास अलॉटमेंट म्हणतात. त्याचें रूढ माप १० रॉड, म्हणजे आपल्या हिशेबानें बरोबर अडीच गुंठे.

पूर्वीं खेड्यांतील गरिबाला गायरान होतें. तेथें त्याची गाय चरे, बदकें व कोंबड्या फिरत, सरपण मिळे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटनें हजारों कायदे करून हीं गायरानें खासगी कुंपणांत घातलीं. त्याच्याहि आधीं, १६४९ च्या एप्रिलांत, विन्स्टन्ली व त्याचे सोबती यांनीं सरे परगण्यांतील सेंट जॉर्जेस हिल या पडीक टेकडीवर गाजरें, पार्सनिप व घेवडा लावून जमीन सर्वांची आहे असा दावा मांडला होता. कांहीं महिन्यांतच त्यांस तेथून हुसकून लावण्यांत आलें. १८४५ च्या कायद्यानें मजुरांसाठीं थोडी जागा राखली, पण माणशीं पाव एकराहून अधिक नाहीं. मजुराचें पोट स्वतःच्या वाफ्यावर भरूं लागलें तर आपल्या शेतावर राबणार कोण, ही धनिकांची भीति होती! रविवारीं खणावयाचें नाहीं, चर्चमध्यें हजर राहिलें पाहिजे, अशाहि अटी पुष्कळ ठिकाणीं असत. मागणी असेल तेथें जागा देणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरलें तें १९०८ च्या कायद्यानें; तेव्हां कुठें जें दान होतें त्याचा हक्क झाला.

या तुकड्याची खरी कसोटी हिंवाळ्यांत लागते. डिसेंबरांत तेथें दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि जमीन गोठली म्हणजे कुदळ चालत नाहीं. तरी लीक, केल, सॅव्हॉय कोबी हीं उभीं राहतात. पार्सनिपचें मूळ तर हिमाचा मार बसल्यावरच गोड होतें, कारण थंडीनें त्यांतील पिष्टाची साखर होते. बटाट्यांचा ढीग पेंढ्यानें झांकून वर माती लिंपतात. कोंबडी मात्र दिवस लहान झाला कीं अंडीं घालणें थांबविते. थंडीपेक्षां उजेडाची उणीव तिला अधिक जाणवते. म्हणून वसंतांत उबविलेल्या तलंगा हिंवाळ्याच्या तोंडाशीं वयांत येतील असा बेत धरीत, आणि सुकाळांतलीं अंडीं सोडियम सिलिकेटच्या पाण्यांत बुडवून महिनोन् महिने टिकवीत.

सरकारला या विद्येची आठवण झाली ती पाणबुड्या जहाजें बुडवूं लागल्यावर. १९३९ मध्यें 'विजयासाठीं खणा' ही मोहीम निघाली. लंडनच्या टॉवरच्या खंदकांतहि भाजी लागली, आणि युद्धकाळांत या तुकड्यांची संख्या सुमारें १४ लाखांवर गेली. अंडें माणशीं आठवड्यास एक, तेंहि मिळालें तर. घरीं कोंबड्या पाळणारानें आपला अंड्यांचा शिधा सोडून द्यावयाचा व त्या बदल्यांत कोंबड्यांचें सरकारी खाद्य घ्यावयाचें. त्यांत बटाट्याच्या उकडलेल्या साली व घरचें उरलेंसुरलें मिसळीत. कोबीचीं बाहेरचीं पानें खुराड्यांत जात, खुराड्यांतील घाण कुजून वाफ्यांत येई. जुन्या करारांतून कोंबड्या पाळण्यास मनाई असे. ती या निकडीपुढें सरकारनें तात्पुरती बाजूस सारली. एरव्हीं गरिबानें मागितलें तें शतकभर मिळेना, भीतीनें तें एका मोसमांत मिळालें!

१९४५ मध्यें युद्ध संपलें, टंचाई संपली नाहीं. १९४७ च्या हिंवाळ्यांत बटाट्यांचे सांठे गोठून नासले, आणि जें युद्धांतहि झालें नव्हतें तें बटाट्याचें शिधावाटप त्या वर्षअखेरीस करावें लागलें. अशा वेळीं ती सवलत संपून जुने करार पुन्हां जिवंत झाले असते, तर ज्याच्या खुराड्यावर घरचीं अंडीं अवलंबून होतीं त्यानें काय करावयाचें? १९५० च्या कायद्यानें उत्तर दिलें: करारांत कांहींहि लिहिलेलें असो, व्यापारासाठीं नसल्यास कोंबड्या व ससे पाळतां येतील, त्यांसाठीं खुराडेंहि बांधतां येईल, मात्र आरोग्यास अपाय किंवा शेजाऱ्यांस उपद्रव होतां कामा नये. सवलत कोंबडीपुरतीच आहे, कोंबड्याला नाहीं. पहाटेच्या झोपेविषयीं पार्लमेंट एवढें दक्ष होतें.

अंड्यांवरील नियंत्रण १९५३ मध्यें उठलें. पुढें पुष्कळ खुराडीं मोडलीं, पुष्कळ वाफ्यांवर घरें उभीं राहिलीं. कायद्यांतील तें कलम मात्र अजून कायम आहे.