कोंकणची हवा आणि लांकडी कॅमेरा

आगगाडी सुरू होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी प्रथम होडींत बसे. बंदराचें पाणी ओलांडून ती होडी पनवेलच्या खाडींत शिरे आणि कळंबोलीच्या बाजूची सखल, खारवट जमीन मागें टाकून पनवेलच्या धक्क्यास लागे. तेथून खोपोलीपर्यंत सपाट रस्ता, पुढें बोरघाटाची चढण, आणि माथ्यावरून पूर्वेकडे उतरूं लागतांच निराळीच हवा. १८३० सालीं ह्या घाटांतून गाडीरस्ता झाला. १८६३ सालीं लोहमार्गानें घाट ओलांडला. मधल्या काळांत मुंबईहून देशावर जाण्याची हीच मुख्य वाट होती. पनवेलकडे वर्षाकाठीं १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. विजापूरच्या बाजूस तो २५ इंचांच्या आसपास असतो. दोन-चार मुक्कामांत घडणारा हा पालट माणसास सुखाचा वाटतो. लांकडास तो मानवत नाहीं. मोठ्या कॅमेऱ्याच्या घडणीचा इतिहास हा पुष्कळ अंशीं ह्याच पालटाशीं चाललेल्या झगड्याचा इतिहास होय.

मुंबईंत छायाचित्रणकलेची संस्था १८५४ सालीं स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळांत होते, यावरून ही कला केवळ गोऱ्या साहेबांची करमणूक राहिली नव्हती हें उघड आहे. पुढच्याच वर्षीं, १८५५ सालीं, मुंबई सरकारनें कॅप्टन थॉमस बिग्ज यांची विजापूर, बदामी, ऐहोळे येथील प्राचीन वास्तूंचीं छायाचित्रें घेण्याच्या कामीं नेमणूक केली. सैन्यांतील कामावर त्यांना परत जावें लागलें, तेव्हां तें काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे आलें. विजापूरच्या वास्तुकलेवरील जो ग्रंथ १८६६ सालीं लंडनमध्यें निघाला, त्यांत ह्या कामाचें फळ पाहावयास मिळतें. कमानींची पडझड, घुमटांवर उगवलेलें गवत, अर्धवट ढासळलेल्या भिंती, हें सर्व त्या काळीं जसें होतें तसें सांगणारा दुसरा साक्षीदार नाहीं. म्हणून त्या पेटीनें आपलें काम चोख करावें, हा केवळ कारागिरीचा प्रश्न नव्हता. पेटी चुकली तर साक्षच बुडणार होती.

कॅमेरा इतका मोठा कां असे, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. लहान चित्र मोठें करून छापण्याची सोय त्या काळीं व्यवहारांत फारशी नव्हती. निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हांत छापावयाची. अर्थात् जेवढी निगेटिव्ह तेवढेंच चित्र. बारा इंचांचें चित्र हवें, तर आंत बारा इंचांची कांच किंवा कागद मावेल अशी पेटी हवी. बिग्ज यांनीं कागदी निगेटिव्ह वापरल्या. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं कोलोडियनची जी रीत प्रसिद्ध केली तींत चित्र अधिक रेखीव येई; परंतु कांच ओली असतांनाच चित्र घेऊन धुवावें लागे, आणि त्यासाठीं काळोखाचा तंबू, रसायनें व पाणी हें सर्व बरोबर वागवावें लागे.

आतां त्या पेटीचें मर्म पाहूं. पुढें भिंग, मागें घासलेली कांच, आणि दोहोंमध्यें काळोख. डोक्यावर काळें कापड घेऊन छायाचित्रकार घासलेल्या कांचेवर उलटें पडलेलें चित्र निरखतो, भिंग पुढेंमागें करून तें स्पष्ट करतो. मग ती कांच बाजूस सारून तिच्या जागीं निगेटिव्हची चौकट बसवितो. चित्र जेथें पाहिलें, नेमक्या त्याच पातळीवर निगेटिव्ह आली पाहिजे. भिंगाचें तोंड मोठें उघडलेलें असेल तर एका मिलिमीटरचा फरकही चित्र पुसट करावयास पुरतो. पुढें कांचेच्या जागीं फिल्मचे सुटे ताव आले, तरी हा नियम बदलला नाहीं. उलट ताव लवचिक असल्यामुळें तो सपाट धरून ठेवण्याची जबाबदारी चौकटीवरच येऊन पडली.

आणि ही पातळी राखावयाची लांकडानें! लांकूड हवेंतील ओल शोषतें आणि फुगतें. हवा कोरडी झाली म्हणजे ओल सोडतें आणि आकसतें. मात्र हा फेर सर्व दिशांनीं सारखा नसतो. रेषांच्या लांबीच्या दिशेनें तो जवळजवळ होतच नाहीं. रेषांना आडवा तो चांगलाच जाणवतो. बारा इंच रुंदीच्या फळींत एका टक्क्याचा फरक पडला तरी तो सुमारें तीन मिलिमीटर होतो. म्हणून जाणता सुतार कॅमेऱ्याच्या अंगांत रुंद फळी शक्य तोंवर घालीत नाहीं. तो अरुंद पट्ट्यांच्या चौकटी करतो, रेषा लांबीकडे ठेवतो, आणि कोपरे दांत्यांनीं एकमेकांत गुंतवितो. घरच्या दारांत दिलहे सैल बसवितात, त्यामागेंही हीच बुद्धि आहे.

इंग्लंडांत ह्या पेट्या बहुधा महोगनीच्या होत. तें लांकूड हलकें, सरळ रेषांचें, रंध्यास वश होणारें. सांधे सरसानें जोडीत आणि वरून चकचकीत रोगण चढवीत. समशीतोष्ण देशांत तें पुरे. पण सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात; दमट उष्म्यांत तो मऊ पडतो आणि त्यावर बुरशी धरते. चामडें मढविलेल्या पेटीची गत तर विचारूंच नये. तेव्हां उष्ण देशांसाठीं निराळ्या कॅमेऱ्यांची जात निघाली. केंब्रिज येथील फ्रेडरिक सँडरसन हे मुळांत लांकूड व दगड कोरणारे कारागीर. त्यांनीं १८९५ सालीं आपल्या कॅमेऱ्याचें पेटंट घेतलें, आणि त्या नांवाच्या कॅमेऱ्यांतही पुढें उष्ण देशांसाठीं खास प्रकार निघाला. अशा कॅमेऱ्यांत महोगनीच्या जागीं सागवान आलें. सागांत अंगचेंच तेल असतें; त्यामुळें तें पाणी कमी पितें आणि वाळवीस रुचत नाहीं. सरसावर विसंबून न राहतां सांधे स्क्रूंनीं आवळले आणि कोपऱ्यांवर पितळेच्या पट्ट्या ठोकल्या. आज त्या पट्ट्या शोभेच्या वाटतात. वस्तुतः सरसानें दगा दिला तरी पेटी उकलूं नये म्हणून त्या होत्या. भात्यासाठीं रशियन पद्धतीनें कमावलेलें लाल चामडें घेत. त्यास बर्च झाडाच्या तेलाचा जो वास असतो, त्यानें किडे दूर राहतात.

भात्याची गोष्ट तर आपल्या अधिक ओळखीची आहे. आरंभीं कॅमेरा म्हणजे एकांत एक सरकणाऱ्या दोन पेट्या असत. १८५६ सालीं कॅप्टन फाउक यांनीं चामड्याच्या भात्याचा कॅमेरा पुढें आणला. १८५७ सालीं किनियर यांनीं तो भाता पुढें निमुळता केला, त्यामुळें घड्या एकमेकींत बसून यंत्राचें ओझें हलकें झालें. ज्यानें पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता उघडून पाहिला असेल, त्यास ही रचना नवी वाटणार नाहीं. तोच पुठ्ठा, तेंच कापड, कोपऱ्यांवर तेंच पातळ चामडें. एका भात्यांतून वारा निसटूं नये, दुसऱ्यांत उजेड शिरूं नये, एवढाच भेद.

हा भेद किती थोडा आहे, तें केरळांतील आलेप्पी येथें दिसून आलें. तेथील करुणाकरन हे वाद्यें करणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या घरांतले. एका विलायती कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्तीस आला आणि तें काम त्यांनीं अंगावर घेतलें. यंत्र समजल्यावर, १९४० नंतरच्या दशकांत, त्यांनीं स्वतःच कॅमेरा घडविला: सागवानाचा, पितळेच्या जोडकामाचा, भिंग तेवढें परदेशी. ‘वागीश्वरी’ ह्या नांवानें तो देशभरच्या स्टुडिओंतून पोंचला. लग्नाचीं आणि वडिलधाऱ्यांचीं कितीतरी चित्रें अशाच सागवानी पेटींतून उतरलीं आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर चढलीं.

धातूचाच कॅमेरा कां केला नाहीं, असें कोणी विचारील. ज्या कळंबोलीजवळून पूर्वीं होड्या जात, तेथें आज लोखंड-पोलादाचा मोठा बाजार भरला आहे. खाऱ्या वाऱ्यांत उघड्या लोखंडाचें काय होतें, हें तेथें कोणासही सांगावें लागत नाहीं. लोखंड फुगत नाहीं, पण गंजतें. आणि बारा इंचांची लोखंडी पेटी घाटावर नेणें म्हणजे दुसरें ओझें नकोच. हलक्या, न गंजणाऱ्या मिश्रधातू सुलभ झाल्यावर चित्र पालटलें. जर्मनींतील लिन्होफचे घडीचे कॅमेरे धातूचे झाले. स्वित्झर्लंडांत कार्ल कोख यांनीं १९४७–४८ च्या सुमारास एकाच दांड्यावर सर्व भाग सरकतील असा ‘सिनार’ काढला. तरीही पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्यांसाठीं लांकडी कॅमेरे आजही थोडेबहुत घडविले जातात.

यंत्राचें श्रेय देतांना आपली दृष्टि बहुधा भिंगावर आणि शोधकाच्या नांवावर खिळते. परंतु भिंगानें पाहिलेलें टिकविण्याचें काम पेटीचें, आणि पेटी टिकविण्याचें काम सुताराचें. कोणतें लांकूड कोणत्या हवेंत कसें वागतें, रेषा कोणीकडे ठेवावी, सरसावर कितपत भरंवसा टाकावा, हें ज्ञान आपल्या कारागिरांच्या हातांत कॅमेरा येण्यापूर्वींपासून होतें. तें ओळखून वापरणारा एक वाद्यकार निघतांच परदेशी यंत्र ह्या देशाचें झालें. हवा बदलतां येत नाहीं. ती सोसणारी वस्तु घडवितां येते, आणि ती घडविणारा हात बहुधा जवळपासच असतो.