पात्र, अपात्र आणि विद्यार्थी

यवतमाळ जिल्ह्यातल्या बऱ्यापैकी महाविद्यालयात आज ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी सापडते. दर्जा तपासणारी नॅकची समिती यायची असली की ती पुसून लख्ख केली जाते. दाराशी व्हीलचेअरसाठी सिमेंटचा उतार असतो. त्याचा अधिक उपयोग बहुधा दुचाकी वर चढवायला होतो. हे पाहून अनेक जण म्हणतात की ही सगळी पुण्या-मुंबईकडून आलेली नवी टूम आहे, या मातीत तिचे मूळ नाही. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. मनाच्या आजाराची आणि अपंगत्वाची दखल घेण्याला या जिल्ह्यात जुना इतिहास आहे. फक्त तो कॉलेजच्या आवारात घडलेला नाही. त्याचा एक धागा जिल्हाधिकारी कचेरीतून जातो, दुसरा सरकारी दवाखान्यातून. विद्यार्थी या इतिहासात येतो तो मयत शेतकऱ्याचा वारस म्हणून, नाहीतर प्रमाणपत्रावरची टक्केवारी म्हणून. कक्षाची पाटी लागते आणि आत फारसे कोणी फिरकत नाही, याचे कारण विद्यार्थ्यांच्या लाजाळूपणापेक्षा या वाटांमध्ये अधिक आहे.

वऱ्हाडच्या आग्नेय टोकाचा वेगळा जिल्हा 1864 साली झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि 1905 मध्ये दारव्हा व पुसद तालुके जोडून त्याचा यवतमाळ जिल्हा झाला. नागपूरचे मनोरुग्णालयही 1864चेच. विदर्भात मनोविकाराचा अर्थ शंभर-सव्वाशे वर्षे याच इमारतीने ठरवला. नागपुरात आजही एका चौकाला लोक पागलखाना चौक म्हणतात. 1912च्या कायद्यानुसार तिथे भरती व्हायला सहसा दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे, म्हणजे घरातल्या माणसाचा आजार आधी सरकारदरबारी सिद्ध करावा लागे. हा कायदा 1987चा नवा कायदा अमलात येईपर्यंत चालला. मधल्या पायऱ्या नव्हत्याच: एकीकडे घरची काळजी किंवा देवऋषी, दुसरीकडे थेट नागपूर. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या पोराला या व्यवस्थेत जागा कुठली असणार?

तेव्हा शिकणारी पोरेही जिल्ह्याबाहेरच जात. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज 1923 साली निघाले. नागपूरचे मॉरिस कॉलेज त्याहून जुने. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला नावाच्या अरुंद रुळांच्या गाडीने रखडत जायचे आणि तिथून मोठी गाडी पकडायची. या विद्यार्थ्यांना आधार होता तो वसतिगृहाचा. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयासारख्या ठिकाणी राहण्या-जेवणाची सोय होतीच, शिवाय पोरगा जेवला नाही तर विचारणारे कोणीतरी होते. यावर जुन्या पिढीचा आक्षेप ठरलेला असतो: तेव्हा अधीक्षक, गुरुजी, गाववाले होते, आता पगारी समुपदेशक कशाला? यातले अर्धे खरे आहे. पण तो आधार ज्याची ओळख होती, ज्याला कोणी शब्द टाकणारे होते, त्याला मिळे. आंधळा, बहिरा, पायाने अधू मुलगा तर त्या छात्रालयापर्यंत क्वचितच पोहोचे. ज्यांना गाळून ती व्यवस्था उभी होती, त्यांच्याबद्दल तिचे गोडवे काहीच सांगत नाहीत.

दुसरा टप्पा दुःखाचा आहे. 19 मार्च 1986 रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवन संपवले. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या मानली जाते. सरकारची यंत्रणा मात्र हलली ती त्यानंतर वीस वर्षांनी. 2005च्या डिसेंबरातल्या शासन निर्णयानंतर मयताच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळू लागले; त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रत्येक प्रकरण तपासून पात्र की अपात्र ते ठरवू लागली. शेती कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचे, थकीत आहे का, वसुलीचा तगादा होता का, हे तिचे प्रश्न. परवाना नसलेल्या सावकाराचे कर्ज किंवा बापाच्या नावावरचा सातबारा असला की प्रकरण अडकायचे. 2006च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात सिंचन होते, व्याजमाफी होती, बियाणे होते. मरणाऱ्याचे मन, किंवा मागे राहिलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या पोराचे मन हा त्या फायलीतला रकाना नव्हता.

तो रकाना उघडला 2015च्या सुमारास. यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले आणि राज्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. आशा सेविकेने घरोघरी जाऊन ताणाखालची माणसे हेरायची, 104 क्रमांकावर सल्ला आणि जिल्हा पातळीवर मानसोपचार, अशी रचना. विदर्भाच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते. पण आशा सेविका जाते ती घरी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, यवतमाळात खोली करून राहणारी मुलगी त्या घरी नसते. आणि कॉलेजात तिला विचारायला येणारे कोणी नसते, कारण ते काम आरोग्य खात्याचे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात महाविद्यालयीन समुपदेशन अकराव्या पंचवार्षिक योजनेपासून लिहिलेले आहे. दोन खात्यांच्या मधल्या बांधावर ते तसेच पडून राहिले.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो आणि तो शेतकरी चळवळीचा आहे. कापसाला भाव नाही, खर्च निघत नाही, आणि तुम्ही समुपदेशक पाठवता. रोग अर्थकारणाचा, औषध मनाचे? हा राग समजण्यासारखा आहे. सरकारला भाव देण्यापेक्षा सल्ला देणे नेहमीच स्वस्त पडते, हेही खरे. पण कारण आर्थिक असले म्हणून त्याची जखम फक्त खिशाला होते असे नाही. श्रीजित मिश्र यांनी 2006 साली पश्चिम विदर्भावर केलेल्या अभ्यासात कर्ज आणि घसरलेली पत यांच्या जोडीला घरातले कलह, व्यसन आणि आजारपण आढळले होते. आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत झालेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाने दुसरी बाजू दाखवली. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि डॉक्टर ठेवले. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. त्या काळात कापसाच्या भावात काही क्रांती झालेली नव्हती. भावासाठी भांडणारा माणूस भांडण्याइतका उभा राहावा, एवढेच समुपदेशनाचे काम.

अपंगत्वाची कथा वेगळ्या वाटेने गेली. 1995च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित संस्थांत 3 टक्के जागा दिल्या. 2016च्या कायद्याने उच्च शिक्षणात त्या 5 टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार 21 वर नेले. यवतमाळसाठी यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द उताराचा किंवा ब्रेलचा नाही, सिकलसेलचा आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा नागपूरचा अभ्यास 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध समाजांत हा रक्तदोष मोठ्या प्रमाणात आहे, हे तेव्हापासून ठाऊक आहे. कायद्याच्या यादीत तो यायला 2016 उजाडावे लागले. त्यामागे नागपूरच्या संपत रामटेके यांच्या सिकलसेल सोसायटीची वर्षानुवर्षांची धडपड होती. पांढरकवडा-झरी भागातले फ्लोराइडचे पाणी हाडे वाकवते, 2017च्या कीटकनाशक फवारणीत जिल्ह्यातली वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात पडली. या जिल्ह्यातले अपंगत्व असे रक्तातून, विहिरीतून आणि शेतातून येते, आणि त्यातले पुष्कळ डोळ्यांना दिसत नाही.

सिकलसेलचा विद्यार्थी वर्गात बसलेला असतो तेव्हा धडधाकटच दिसतो. थंडीत किंवा अंगातले पाणी कमी झाले की सांधे, पाठ, छाती अशा कळा सुरू होतात की उभे राहवत नाही. चार दिवस सलाइन, मग पुन्हा वर्ग. हजेरीपटावर ते चार दिवस केवळ गैरहजेरी. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा यवतमाळच्या रणरणत्या उन्हात होतात आणि त्याला दर थोड्या वेळाने पाणी लागते, लघवीला जावे लागते. पर्यवेक्षकाला त्यात कॉपीचा वास येतो. 2013च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळू शकत होती, पण त्या सूचना 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी होत्या. टक्का ठरवायला ठरलेल्या वारी यवतमाळच्या रुग्णालयात मंडळापुढे जायचे. उमरखेडहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर. ज्या दिवशी कळ नसते त्याच दिवशी हा प्रवास जमतो आणि त्याच दिवशी मंडळाला तो बरा दिसतो. लेखनिकाच्या मदतीसाठी 40 टक्क्यांची अट लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितले. परीक्षा केंद्रावर मात्र अजून प्रमाणपत्रच आधी मागतात.

मग कक्षात बसायला माणसे कुठून आणायची, हा प्राचार्यांचा प्रश्न. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असताना समुपदेशक कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेव साहा खटल्यात दिलेला निर्देश इथे वाचण्यासारखा आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नेमावा. पट शंभरापेक्षा कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. मानसोपचारतज्ज्ञ यवतमाळात मोजकेच, पण समाजकार्याचे शिक्षण देणारे सावित्री जोतीराव समाजकार्य महाविद्यालय इथेच आहे. त्यातून बाहेर पडणारी मुले घाटंजी, राळेगाव, महागावची बोली बोलतात. पात्र-अपात्रची फाईल, सातबारा आणि ठेवीतले 70 हजार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

उरतो तो आरोग्य खात्याकडच्या याद्यांचा प्रश्न. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलग्रस्ताच्या लाल आणि वाहकाच्या पिवळ्या कार्डाची नोंद असते, प्रेरणा प्रकल्पाच्या नोंदी असतात. त्या सरळ कॉलेजला देऊन टाका, काम सोपे होईल, असा उपाय सुचवला जातो. तो धोक्याचा आहे. लाल कार्डामुळे मुलीचे लग्न मोडू शकते हे गावात सर्वांना माहीत असते, म्हणून ते कार्ड कपड्यांच्या घडीखाली ठेवले जाते. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. नाव कक्षापर्यंत पोहोचवायचे की नाही हे त्या विद्यार्थ्याने ठरवायचे, आणि ‘नको’ म्हटल्यावरही परीक्षेच्या हॉलमध्ये त्याच्या बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्यायला कुठल्याही यादीची गरज पडत नाही.