स्वस्त झरणीची पारख

वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. तिचें मोल मात्र वापरणाऱ्यालाच ठरवावें लागतें. हा भेद व्यवहारांत सर्वांस ठाऊक असतो. परंतु झरणी, म्हणजे ज्याला आपण फाउंटनपेन म्हणतों तें साधन, विकत घेतांना तो बहुधा विसरला जातो. महाग झरणी चांगली असलीच पाहिजे आणि स्वस्त झरणी म्हणजे मुलांच्या हातीं द्यावयाचें खेळणें, अशी समजूत घरोघर आढळते. ही समजूत कोठून आली आणि तिच्यांत तथ्य किती, याचा उलगडा झरणीच्या इतिहासांतच होतो; तो आम्ही येथें थोडक्यांत पाहूं इच्छितों.

बोरू आणि टांक यांचें काम सोपें होतें. शाई दौतींत राही आणि लिहिणारा हात ती दर चार शब्दांना आणून देई. ती लेखणीच्या पोटांतच सांठविण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्यें शिकत असलेल्या पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्यास १८२७ सालीं अशा लेखणीचें फ्रेंच पेटंट मिळालें होतें. पण शाई सांठविणें निराळें आणि ती बेतानें सोडणें निराळें. जितकी शाई बाहेर पडेल तितकीच हवा आंत गेली पाहिजे. हवा अडली तर अक्षर सुकतें, अधिक शिरली तर कागदावर डाग पडतो. न्यूयॉर्कच्या लुई वॉटरमन यानें १८८४ सालीं घेतलेल्या पेटंटांत या अडचणीवर तोड निघाली. निबेच्या खालीं चिकटून बसणारी जी पट्टी, जिला जीभ म्हणतात, तिला त्यानें एक खांच आणि खांचेच्या तळाशीं बारीक चिरा पाडल्या. चिरांतून शाई उतरावी व खांचेंतून हवा चढावी, अशी ही योजना होती. झरणीचें बरेंवाईटपण आजही मुख्यतः येथेंच ठरतें, आणि येथें खर्च होतो तो मापाच्या नेमकेपणाचा.

मग सोन्याची निब कशासाठीं? माजूफळ आणि हिराकस यांची शाई त्या काळीं युरोप-अमेरिकेंत दप्तरी लेखनास प्रमाण मानली जाई. ती आम्लधर्मी असल्यामुळें पोलाद लवकर गंजे. टांकाची निब गंजली तर फेंकून नवी बसवितां येई. झरणींत मात्र शाई अहोरात्र निबेला चिकटलेली असते, म्हणून तेथें सोनें आवश्यक झालें. सोनें मऊ, तें कागदावर झिजे. म्हणून टोंकावर इरिडियम व ऑस्मियम या कठीण धातूंच्या मिश्रणाचा कण जोडावा लागे. हे दोन्ही धातु स्मिथसन टेनंट यानें १८०३ सालीं शोधले होते. पुढें परिस्थिति पालटली. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें न गंजणारें पोलाद तयार केलें, आणि रंगांच्या सौम्य शायाही प्रचारांत आल्या. गंजाचें भय सरलें तशी सोन्याची गरज सरली. प्रतिष्ठा मात्र मागें राहिली.

अमेरिकेच्या बाजारांत हा पालट स्पष्ट दिसतो. १९२१ सालीं पार्कर कंपनीनें ‘ड्युओफोल्ड’ ही मोठी लाल झरणी सात डॉलरना विकावयास आणली. उलट १८५८ पासून टांकाच्या निबा करीत आलेल्या, कॅम्डेन येथील एस्टरब्रुक कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत एक-दीड डॉलरच्या झरण्या काढल्या. त्यांच्या पोलादी निबा पेंच फिरवून बदलतां येत. साध्या निबेचें टोंक त्याच पोलादाचें दुमडून घडविलेलें असे. थोडे अधिक पैसे देणाऱ्यास कठीण धातूचा कण बसविलेली निब मिळे. आपला वाढीव पैसा कोठें गेला, हें गिऱ्हाइकास येथें नेमकें कळत होतें. याच्या उलट उदाहरण बॉलपेनचें. २९ ऑक्टोबर १९४५ रोजीं न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानांत रेनल्ड्सचें बॉलपेन साडेबारा डॉलरना विकावयास आलें तेव्हां लोकांची झुंबड उडाली. पण त्यांपैकीं पुष्कळ पेनें गळूं लागलीं आणि थोड्याच वर्षांत त्यांची किंमत कोसळली.

आपल्या देशांतील एक उदाहरण तर फारच बोलकें आहे. राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम् यांनीं गांधीजींच्या प्रेरणेनें स्वदेशी झरण्या करण्यास आरंभ केला. त्यांची एक झरणी ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे आली. ती वापरल्यावर १९३५ च्या जुलैंत वर्ध्याहून पत्र लिहून, बाजारांतील विदेशी पेनांस ती चांगला पर्याय दिसते, असा अभिप्राय त्यांनीं रत्नम् यांस कळविला. स्वदेशीचा एवढा कैवारी पुरुषही आधीं लिहून पाहतो आणि मग बोलतो, हें आम्हांस या पत्रांतील सर्वांत महत्त्वाचें वाटतें.

स्वस्त झरणीचीही हीच परीक्षा. निबेची चीर सरळ आणि टोंकाच्या दोन्ही पाकळ्या एका पातळींत आहेत कीं नाहींत, हें भिंगांतून पाहावें. निबेवर ‘इरिडियम’ हा शब्द कोरलेला पाहून भुलूं नये. आजच्या पुष्कळ निबांच्या टोंकांत तो धातु नसतोच, आणि दुसऱ्या कठीण धातूचा कण नीट घांसलेला असेल तर त्यावांचून कांहीं अडतही नाहीं. कागदावर इंग्रजी आठाचा आंकडा सावकाश काढावा, म्हणजे टोंक सर्व दिशांनीं फिरतें आणि खरखर कोठें आहे तें कळतें. मग पानभर मजकूर लिहावा. आरंभीं ओली व शेवटीं कोरडी होणाऱ्या झरणींत हवेची वाट चुकली आहे असें समजावें. रात्रभर टोपण लावून ठेवून सकाळीं पहिलेंच अक्षर उमटतें का, तें पाहावें. सर्वांत कठीण परीक्षा शाई निम्म्यावर आल्यानंतरची. हाताच्या उबेनें आंतील हवा फुगते आणि शाईस पुढें लोटते. ही जादा शाई जिभेच्या दांत्यांत सामावली तर करणारा जाणता होता. शाईही पाहून घ्यावी. आपली काजळाची शाई बोरूस उत्तम, परंतु तिचे कण चिरांत बसले कीं भारी झरणीही बंद पडते.

यांपैकीं कशासही फारसा पैसा लागत नाहीं, थोडा धीर लागतो. ज्या कारखानदारानें कांटकसर टोपणाच्या मुलाम्यांत आणि डबींत केली, त्याची झरणी स्वस्त असून मोलाची. ज्यानें ती टोंकांत व जिभेंत केली, त्याची कितीही स्वस्त असली तरी महागच. आणि हा तोटा केवळ पैशांचा नसतो. वाईट झरणी मुलाचें अक्षर बिघडविते आणि बोल मुलास लागतो. अक्षर वाईट म्हणून त्याच्यावर रागावण्यापूर्वीं वडील माणसांनीं त्याच्या हातांतील झरणी घेऊन तिनें एक पान स्वतः लिहून पाहावें.