'मा' : ध्वनिसाम्य आणि इतिहास

पाली भाषेत 'मा' हा एकाक्षरी निषेधवाचक शब्द आहे. त्याचा अर्थ 'नको', 'करू नका'. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील केसमुत्ति सुत्तात तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथप्रामाण्य, निव्वळ तर्क, गुरूविषयीचा आदर अशा दहा आधारांवर विसंबून काहीही स्वीकारू नका, असे सांगितले. त्या दहाही आधारांपूर्वी हा 'मा' योजिलेला आहे.

हाच ध्वनी अन्य भाषांत निराळे अर्थ धारण करतो. तमिळमध्ये 'मा' म्हणजे आंब्याचे झाड. चिनी भाषेत स्वराच्या चढउतारानुसार त्याचे आई, वाखाची वनस्पती, घोडा, शिवी देणे असे अर्थ होतात. जपानीत 'मा' म्हणजे दोहोंमधील अंतर. या शब्दांचे पाली 'मा'शी कसलेही नाते नाही. उलट ग्रीक भाषेतील निषेधवाचक 'मे' कानाला वेगळा वाटतो, तरी तो पाली 'मा'चा सख्खा भाऊ होय. कारण संस्कृत-पालीतील 'आ'च्या जागी ग्रीकमध्ये 'ए' येणे अनेक शब्दांत नियमाने आढळते.

जपानीत आणखी एक 'मा' आहे. त्याचा अर्थ दुष्ट शक्ती. चिनी भाषांतरकारांनी बौद्ध ग्रंथांतील 'मार' या नावासाठी एक चिन्ह वापरले. त्यात वर ध्वनिदर्शक म्हणून वाखाचे चिन्ह, खाली भुताचे. ते चिन्ह ग्रंथांबरोबर जपानला गेले. जपानी माणसाच्या तोंडी हे दोन्ही 'मा' सारखेच. मात्र एक देशी, दुसरा भारतातून गेलेला. हा भेद कानाने कळत नाही, ग्रंथांच्या प्रवासावरून कळतो.

हे सविस्तर मांडण्याचे कारण आमच्या घरचेच आहे. गावाच्या नावात 'बुध' ही अक्षरे दिसली, की तेथे विहार होता असे आपल्यातील काही अभ्यासक लिहून मोकळे होतात. पाली ग्रंथांतील सुप्पारक म्हणजे आजचे सोपारा, हे आपण मानतो ते केवळ नादावरून नव्हे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. नाव, ग्रंथ आणि दगड यांची साक्ष एकत्र आली.

असा पुरावा नसताना केलेला दावा विरोधकांना सहज खोडता येतो आणि त्यासोबत आपला खरा इतिहासही संशयात सापडतो. कालामांना सांगितलेला 'मा' संशोधकांनीही ऐकला पाहिजे, असे आम्हांस वाटते.