तीन एन्ल्ही म्हणजे एक रोम

वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात ल्हीन नावाचे एक द्वीपकल्प समुद्रात हात लांब करावा तसे पुढे आले आहे. त्या हाताच्या बोटांपासून सुमारे तीन किलोमीटरवर, मध्ये खवळलेली सामुद्रधुनी टाकून, एक लहानसे बेट आहे. इंग्रजीत त्याला बार्ड्सी म्हणतात, वेल्श भाषेत अनिस एन्ल्ही. (वेल्शमधला हा 'ल्ह' म्हणजे जीभ 'ल'च्या जागी ठेवून बाजूने नुसती हवा सोडायची; पाच दिवस प्रयत्न करूनही मला तो जमला नाही.) बेटाचे क्षेत्रफळ १८० हेक्टरांच्या आसपास. मध्ययुगात या एवढ्याशा तुकड्याविषयी एक हिशेब रूढ झाला: एन्ल्हीची यात्रा तीनदा केली की रोमची एक यात्रा केल्याचे पुण्य. वेल्सच्याच नैर्ऋत्य टोकाला सेंट डेव्हिड्स हे मोठे क्षेत्र आहे. तिथे दोन फेऱ्यांत रोम पदरात पडे. म्हणजे भाव थोडा चढा होता. हा हिशेब पोपच्या नावावर सांगतात, पण सेंट डेव्हिड्सच्या बाबतीत दुसऱ्या कॅलिक्स्टस या पोपशी जोडता येणारी परंपरा तरी आहे. एन्ल्हीचे गणित लोकांच्या तोंडीच जास्त वाढलेले दिसते.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी क्लनॉग वौर या गावापासून अबरडॅरनपर्यंत, या यात्रेच्या शेवटच्या टप्प्यातून, किनाऱ्याच्या कडेने चाललो. श्रद्धाळू म्हणून नव्हे. वारीवर काही वर्षे वाचन-लेखन केल्यामुळे दुसरीकडची माणसे देवासाठी कशी चालतात, याचे कुतूहल होते. जाताना माझ्या डोक्यात पंढरपूर होते. परतल्यावर कागदपत्रे लावत बसलो तेव्हा लक्षात आले की एन्ल्हीची मुळातली जात पंढरपूरची नाही, काशीची आहे.

का, ते सांगतो.

अबरडॅरनचे संत हौविनचे चर्च अगदी वाळूला लागून उभे आहे. भिंतीपलीकडे स्मशान आणि स्मशानापलीकडे लाटा. आत दोन उभे दगड ठेवलेले आहेत. ते मूळचे जवळच्या डोंगरउतारावरचे, पाचव्या-सहाव्या शतकातले. त्यांवर लॅटिन अक्षरे कोरली आहेत. एकावर वेरासियस नावाच्या धर्मगुरूचे नाव. दुसऱ्यावर सेनाकस नावाच्या धर्मगुरूचे, आणि पुढे एवढेच, की तो इथे बंधुजनांच्या समुदायासह पुरलेला आहे. बस्स. संख्या नाही, चमत्कार नाही. पण एन्ल्हीच्या साऱ्या कथापुराणात मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो हा दगड. कारण त्यातून एक गोष्ट पक्की होते: या टोकाला इतक्या आधीपासून धर्मजीवी माणसे एकत्र राहत होती आणि एकत्र पुरली जात होती.

बेटावरच्या मठाची स्थापना मात्र परंपरेने ५१६ साली ब्रिटनीहून आलेल्या संत कॅडव्हनच्या नावावर आहे. ते साल मी दगडाइतके पक्के धरणार नाही. वीस हजार संत बेटावर पुरले आहेत, ही प्रसिद्ध संख्या तर बाराव्या शतकातल्या 'लँडाफचे पुस्तक' या संग्रहात येते. ते पुस्तक कोणी आणि कशासाठी रचले, हे पाहिल्याशिवाय ती संख्या वाचू नये. दक्षिण वेल्समधल्या लँडाफचे बिशप अर्बन यांना आपल्या पीठाचा अधिकार शेजारच्या बिशपांच्या विरोधात सिद्ध करायचा होता. त्यासाठी प्राचीन संत हवा होता. ११२० साली त्यांनी एन्ल्हीवरून संत डव्रिगच्या अस्थी उकरून वाजतगाजत लँडाफला नेल्या. मग जिथून त्या आणल्या ते ठिकाण किती पवित्र आहे हेही सांगणे भाग होते. म्हणून बेटाला ब्रिटनचे रोम म्हटले गेले, वाट दूरची व समुद्र धोक्याचा म्हणून, आणि वीस हजारांचा आकडा लिहिला गेला. त्या पुस्तकातली कित्येक दानपत्रे नंतर तयार केलेली वा फिरवलेली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आपल्याकडच्या बनावट ताम्रपटांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

तरीही आकडा खोटा म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही. मैलिर ब्रदिद हा ग्विनेडच्या राजदरबारचा कवी. ११३७ साली वारला. मृत्यूपूर्वीच्या आपल्या कवितेत तो एन्ल्हीच्या भूमीत पुरले जाण्याची इच्छा व्यक्त करतो. त्याला तिथे जाऊन परत यायचे नव्हते. पुढे ११८८ साली जेराल्ड ऑफ वेल्स हा विद्वान धर्मगुरू आर्चबिशप बाल्डविनबरोबर तिसऱ्या धर्मयुद्धासाठी सैनिक गोळा करत वेल्सभर फिरला. ही मंडळी ईस्टरच्या आधी ल्हीनवरच्या नेव्हिन गावी मुक्कामाला होती. जेराल्डने लिहून ठेवले आहे की एन्ल्हीवर अत्यंत धर्मनिष्ठ साधू राहतात आणि तिथे एक अद्भुत आहे: बेटावर रोगराई क्वचितच येते, आणि माणसे वयाच्या क्रमाने मरतात. आधी सर्वांत म्हातारा, मग त्याच्या खालचा.

हे वाचताना मी थबकलो. कोवळ्या वयातले मरण रोजचे असलेल्या शतकात, मुलांना आपल्या हाताने मातीत ठेवणाऱ्या आईबापांना, या एका वाक्याने काय वाटले असेल? मोक्षाचे, पापक्षालनाचे आश्वासन कुठलेही क्षेत्र देते. इथे आश्वासन होते मरणातल्या न्यायाचे. काशीला जाऊन देह ठेवावा, ही जी आपल्याकडची कल्पना, तिच्या जवळची ही कल्पना आहे. 'तीनदा जा, पुण्य गोळा करा' हा हिशेब तिच्यावर चढलेला दुसरा थर. तीनदा जाण्यासाठी दोनदा तरी परतावे लागते! पहिली भावना साधूंची आणि म्हाताऱ्यांची, दुसरी शेती-संसार सांभाळून वाट चालणाऱ्यांची. तेराव्या शतकात बेटावर ऑगस्टिनियन पंथाचा मठ उभा राहिला आणि वाटेवर चर्च, विहिरी, धर्मशाळा यांची साखळी बळकट झाली, ती या दुसऱ्या गर्दीसाठी.

त्या वाटेविषयी थोडे. क्लनॉगचे संत बेनोचे चर्च खेड्याच्या मानाने अवाढव्य आहे. यात्रेच्या पैशाशिवाय असे बांधकाम होत नाही. आत एकाच ओंडक्यातून कोरलेली जाड लाकडी पेटी आहे, लोखंडी पट्ट्या मारलेली: 'बेनोची पेटी'. या पंचक्रोशीत कानाला विशिष्ट खाच घेऊन जन्मलेले वासरू वा कोकरू बेनोचे मानले जाई. ते चर्चला वाहायचे आणि विक्रीचे पैसे पेटीत. देवाच्या नावाने सोडलेला वळू पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गंमत म्हणजे धर्मसुधारणा होऊन पन्नास वर्षे उलटल्यावरही ही प्रथा चालूच असल्याची तक्रार लंडनपर्यंत गेली होती.

पुढे वाट अर आयव्हलच्या तीन शिखरांकडे चढते. मुख्य शिखर ५६४ मीटर, पण थेट समुद्रातून उठल्यामुळे दुप्पट वाटते. एका शिखरावर लोहयुगातल्या वसतीच्या दगडी झोपड्या, सुमारे दीडशे, अजून ओळखू येतात. डोंगराच्या पलीकडे उतरले की पिस्टिलचे बेनोचेच दुसरे, अगदी ठेंगणे चर्च लागते. सणाला जमिनीवर बोरू आणि सुवासिक पाला पसरण्याची रीत तिथे आहे. मी गेलो तेव्हा तो वाळून गेला होता, तरी चालताना वास येत होता. नेव्हिननंतर उतार-चढाव कमी होतात, पण वाट थेट कड्यावरून जाते. डावीकडे मेंढ्या, उजवीकडे तीस-चाळीस मीटर खाली समुद्र, समोरून वारा. टोकाशी, लाटांच्या पट्ट्यात, मेरीची विहीर आहे: भरतीत खाऱ्या पाण्याखाली बुडते, ओहोटीत पुन्हा गोडी देते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी यात्रेकरूला पलीकडे जाण्याआधी शेवटचे गोडे पाणी इथे मिळे, एवढे खरे.

मग हे सगळे तुटले. १५३७ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत बेटावरचा मठ बंद झाला. पुढच्याच वर्षी टॉमस क्रॉमवेलने काढलेल्या आज्ञांमध्ये यात्रा करणे हेच अंधश्रद्धेत जमा केले गेले. त्याच १५३८ सालची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लँडरव्हेल गावात संत डरव्हेलची लाकडी मूर्ती होती. हा डरव्हेल परंपरेने एन्ल्हीच्या मठाधिपतींपैकी एक. एप्रिलमधल्या त्याच्या दिवशी पाच-सहाशे लोक गाई, बैल, घोडे किंवा पैसे घेऊन आल्याचे सरकारी प्रतिनिधीने क्रॉमवेलला कळवले. मूर्ती लंडनला नेण्यात आली. ही मूर्ती एक दिवस जंगल पेटवील, असे वेल्समध्ये पूर्वापार म्हणत. मे महिन्यात स्मिथफील्डच्या मैदानात जॉन फॉरेस्ट या धर्मगुरूला जिवंत जाळण्यासाठी जी चिता रचली तिच्यात ती मूर्ती सरपण म्हणून घातली. फॉरेस्ट म्हणजे जंगल. भाकीत खरे करून दाखवण्याची ही सरकारी विनोदबुद्धी वाचून अंगावर काटा येतो.

जाता जाता: याच उलथापालथीच्या पुढच्या पिढीत कॅथलिक राहण्यासाठी इंग्लंड सोडून रोमला आणि तिथून १५७९ साली गोव्याला पोचलेला एक तरुण आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स. तिकडे यात्रा बंद पडल्या आणि इकडे मराठीला एक महाकाव्य मिळाले, असा सरळ संबंध मी लावणार नाही. पण वारा एकाच दिशेचा होता.

नंतरची चारशे वर्षे एन्ल्ही हे शेतकरी-कोळ्यांचे बेट राहिले. मठाचा एक पडका मनोरा उरला. बाकीचे दगड कुंपणांत आणि घरांत गेले. जमीनदाराने बेटावर 'राजा' नेमून त्याला मुकुट देण्याची प्रथा पाडली. शेवटच्या राजाने, लव्ह प्रिचर्ड त्याचे नाव, पहिल्या महायुद्धात लढायला येतो म्हणून कळवले, तेव्हा सत्तरी ओलांडल्याने त्याला नकार मिळाला. या सगळ्या काळात यात्रा अशी नव्हती. म्हणूनच आज माहितीफलकांवर 'प्राचीन यात्रामार्ग' असे लिहिलेले पाहिले की मी जरा सावध होतो. बेसिंगवर्कच्या मठापासून निघून सुमारे २१० किलोमीटर चालत एन्ल्हीसमोर आणणारा आजचा खुणा लावलेला मार्ग याच शतकात आखला गेला. त्यातली चर्च जुनी, विहिरी जुन्या, माळ ओवणारा दोरा नवा. आळंदी-पंढरपूर वाटेवरच्या माणसाला पायाखालची माती आधीच्या पिढीने तुडवल्याचे माहीत असते. एन्ल्हीच्या यात्रेकरूला मधली चारशे वर्षे कल्पनेने ओलांडावी लागतात.

आणि तरी ही वाट मेली नव्हती, याचा एक पुरावा चर्चमध्ये नाही, न्यायालयात आहे. १९३६ साली ब्रिटिश सरकारने ल्हीनवरच्या पेनीबर्थ इथे बॉम्बफेकीचे प्रशिक्षण केंद्र काढायचे ठरवले. इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंड आणि डॉर्सेटमधल्या जागांना विरोध झाल्यावर त्या सोडून दिल्या होत्या. वेल्समधल्या लाखो लोकांच्या विरोधाला तेवढी किंमत मिळाली नाही. पेनीबर्थचे शेतघर हे कवींचे आश्रयस्थान आणि एन्ल्हीच्या यात्रेकरूंचा एक मुक्काम म्हणून ओळखले जाई. ते पाडण्यात आले. ८ सप्टेंबरच्या पहाटे तिथल्या बांधकामाच्या शेडना आणि लाकडाला आग लागली. थोड्याच वेळात तिघे जण पुल्हेलीच्या पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर झाले: नाटककार आणि प्राध्यापक सॉन्डर्स लुइस, बाप्टिस्ट पाद्री लुइस व्हॅलेंटाइन आणि शिक्षक-कथाकार डी. जे. विल्यम्स. कृत्य करायचे आणि शिक्षेसाठी स्वतः पुढे व्हायचे, ही रीत त्या दशकात आपल्याला अनोळखी नव्हती. कार्नार्व्हनच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. मग खटला लंडनच्या ओल्ड बेलीत नेला आणि तिघांना नऊ-नऊ महिन्यांची शिक्षा झाली. लुइस यांची नोकरीही गेली.

लुइस कॅथलिक झालेले होते, व्हॅलेंटाइन कट्टर प्रॉटेस्टंट परंपरेतले. यात्रा बंद करणाऱ्या बाजूचा वारस यात्रेकरूंच्या घरासाठी तुरुंगात गेला, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते. तोवर ती वाट संतांची राहिली नव्हती, भाषेची झाली होती. ल्हीन आजही वेल्श बोलणाऱ्यांचा बालेकिल्ला आहे. किनाऱ्यावर नँट गर्थेर्न नावाचे, ग्रॅनाइटच्या खाणी बंद पडल्यावर ओसाड झालेले गाव लागते. १९७८ साली ते विकत घेतले गेले आणि पुढे तिथे वेल्श शिकवण्याचे केंद्र सुरू झाले. मी तिथे चहाला थांबलो तेव्हा शेजारच्या टेबलावर इंग्लंडमधून स्थायिक झालेले एक वयस्क जोडपे क्रियापदे घोकत होते. त्याच किनाऱ्यावर सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरांच्या किमतींमुळे तरुण वेल्श कुटुंबांना घर परवडत नाही, हीही तक्रार प्रत्येक गावात ऐकली.

बेट १९७९ पासून एका विश्वस्त संस्थेच्या मालकीचे आहे. होडी पोर्थ मेदवी या खाचेतून सुटते. मेदवी म्हणजे संन्यासी. समुद्र शांत असेल तर पलीकडे जायला वीसेक मिनिटे लागतात, नसेल तर होडी जातच नाही. किनाऱ्यावरून बेटाची फक्त पाठ दिसते, १६७ मीटरांचा एक गवताळ डोंगर. शेते, मनोरा, दीपगृह, वस्ती सगळे पलीकडच्या अंगाला. होडीने वळसा घेतल्यावर ते एकदम समोर येते. मनोऱ्याभोवतीच्या कबरस्तानात सेल्टिक क्रूस आहेत, वीस हजारांच्या स्मरणार्थही एक. आमच्या होडीत एक ऐंशीच्या पुढच्या बाई होत्या, त्यांची मुलगी आणि नात. उतरताना नावाडी त्यांना म्हणाला, ज्येष्ठ आधी. तिघीही हसल्या.